टाचण्यांचे डाग

सरांना मी कधी पाहिलं नाही. ते गेले तेव्हा मी जालना जिल्ह्यात, माझ्या गावी होते, आणि रत्नागिरी हे नाव मला फक्त आंब्याच्या खोक्यावर वाचून माहीत होतं. आता त्यांचं अक्षर मला माझ्या सख्ख्या भावाच्या अक्षरापेक्षा जास्त ओळखीचं आहे. 'ळ' काढताना ते पेन उचलत नसत. राग आला की काने लांब व्हायचे. एखादं पुस्तक आवडलं तर ओळ वर चढत जायची, आणि नाही आवडलं तर अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखी यायची. हे मला कोणी शिकवलं नाही. त्यांचे कागद पुसता पुसता कळलं.

आम्ही नवरा-बायको इकडे आलो ते आंब्याच्या हंगामात, एका बागायतदाराकडे. नवरा पेट्या ठोकायचा आणि मला पॅकिंगच्या शेडमध्ये बसवलं. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन मावतं, त्याहून लहान असेल तर पाच, सहा, सात. एका पेटीत एकाच मापाचं फळ गेलं पाहिजे. एखादं जरी वेगळं गेलं तरी व्यापारी पेटी परत फिरवतो. मला ते माप दुसऱ्या आठवड्यातच जमायला लागलं. डोळ्यांनी बघावं लागत नसे, तळहाताला कळायचं. बोलता बोलता हात चालू, आणि फळ बरोबर आपल्या ढिगात.

मॅडम तिथे पेटी घ्यायला आल्या होत्या. पेटी घेऊन निघायच्या ऐवजी माझ्या हाताकडेच बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं काहीतरी चुकलं. मला नेहमी आधी तेच वाटतं.

"किती शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"सातवी."

"वाचतेस?"

"सावकाश वाचते."

"मला सावकाशच पाहिजे," त्या म्हणाल्या.

मॅडमकडे एका कॉलेजच्या ग्रंथालयातली वरच्या मजल्यावरची खोली आहे. तिथे जुनी कागदपत्रं ठेवतात. खिडक्या बंद असतात, कारण इथली हवा कागदाला सोसत नाही. कोपऱ्यात एक यंत्र दिवसभर हवेतली ओल ओढून घेतं आणि संध्याकाळी त्याच्या पोटातून अर्धी बादली पाणी निघतं. ते ओतायचं, कागद ब्रशने झटकायचे, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कसर लागलेली पानं वेगळी करायची, हे माझं काम ठरलं. नवरा पुढे लोट्याला केमिकलच्या कंपनीत लागला. तिथेच तिघांबरोबर खोली करून राहतो आणि सुट्टी असली की एसटीने इकडे येतो. मी रत्नागिरीतच राहिले. मला बसायला खुर्ची होती, टेबल होतं, टेबलावर माझा स्वतःचा दिवा होता. शाळा सुटल्यावर असं टेबल पुन्हा मिळेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आठवीसाठी शेजारच्या गावाला चालत जावं लागायचं आणि घरी धाकटी दोघं सांभाळायला होती, एवढीच त्या सुटण्याची गोष्ट.

म्हणून मी फार जपून असायचे. एक कागद झटकला की विचारायचे, "मॅडम, बरोबर आहे ना?" निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचे. खालचे शिपाई दादा तेव्हा जिन्यात उभे राहून म्हणायचे, "ओढ, ओढ. एक दिस कडी हातात येईल, मंग उघडंच ऱ्हवंदे." ते देवरुखकडचे. मला पहिल्या दिवसापासून घाटावरची म्हणतात. मी भात खाल्ला की म्हणतात, घाटावरची सुधारली. भाकरी आणली की म्हणतात, अजून नाय सुधारली.

सरांच्या घरून आलेल्या ट्रंका हे त्या खोलीतलं सगळ्यात मोठं काम होतं. सर याच कॉलेजात मराठी शिकवायचे. पण ट्रंका उघडल्या तेव्हा मराठी त्यात एका कोपऱ्यापुरतं होतं. शिमग्यातल्या नमन-खेळ्यातली गाणी उतरवलेल्या वह्या. पालीचे धडे. जांभ्याच्या खाणीत दगड कसा कापतात त्याची चित्रं. एकाच माशाला बंदराबंदरावर काय काय म्हणतात त्याची यादी. आणि पुस्तकांवर लिहिलेली परीक्षणं, गठ्ठेच्या गठ्ठे. एका कादंबरीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'लेखकाला भाताचं शेत फार आवडतं, पण लांबून.' मी ते वाचून एकटीच हसले आणि मग घाबरून इकडेतिकडे बघितलं, कारण कामाच्या वेळी वाचत बसले असं कोणी म्हणायला नको.

एका कवीची दोन पत्रं एकाच फाईलमध्ये होती. पहिल्यात म्हटलं होतं, आपण माझ्या संग्रहाचा जाहीर खून केलात. दुसरं चार महिन्यांनंतरचं. त्यात म्हटलं होतं, आपण पाठवलेल्या आंब्यांतले दोन नासके निघाले, बाकी उत्तम, आणि पुढचा संग्रहही आपणच वाचावा.

मॅडम म्हणायच्या, "बघ, असा माणूस होता."

शेवटची ट्रंक मात्र बराच काळ आमच्याकडे आली नाही. ती सरांच्या पत्नीकडे होती. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. सरही लिहिताना 'बाई'च लिहीत. त्या ट्रंकेत सरांच्या अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाच्या चिठ्ठ्या होत्या. इकडे भातशेताच्या प्रत्येक लहान तुकड्याला नाव असतं. माणसाला असतं तसं. ती नावं कोणी ठेवली, का ठेवली, त्यावर ते पुस्तक होतं. सर ते चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि चिठ्ठ्या कसल्याही असायच्या. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, कॅलेंडरचं पान, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, एसटीचं तिकीट. लिहून झालं की एका विषयाच्या चिठ्ठ्या टाचणीने एकत्र टोचायच्या, आणि अशा बऱ्याच टाचणांची एक जुडी सुतळीने बांधायची. बाईंनी सर गेल्यावर त्या ट्रंकेला कोणाला हात लावू दिला नव्हता. शेवटी सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पुस्तक लावून द्यायचं कबूल केलं, तेव्हा त्यांनी ती रिक्षात घालून स्वतः आणून दिली. दादा उचलायला गेले तर म्हणाल्या, "आडवी नको. सरळ धर."

त्याच आठवड्यात मॅडमना पुण्याला जावं लागलं. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जाताना सांगून गेल्या, "बाकीच्यांसारखंच कर. टाचण्या काढ, ब्रश मार, पाकिटात ठेव. आठ दिवसांत येते."

मी जीव लावून काम केलं. टाचण्या गंजून कागदाला धरून बसल्या होत्या. पातळ प्लास्टिकची पट्टी खाली सरकवून एकेक सोडवावी लागायची. पाचव्या दिवशी सगळं झालं. टेबलभर चिठ्ठ्या पसरलेल्या, लहान-मोठ्या, एकीचं तोंड दुसरीशी जुळत नाही, मोठीच्या पोटात लहान वाकून गेलेली. तीन दिवस हातात होते. मॅडमना आल्यावर काहीतरी बघायला मिळावं असं वाटलं. मी सगळ्या चिठ्ठ्या एकत्र केल्या आणि मापाने लावायला बसले. पोस्टकार्डाएवढ्या एकीकडे, त्याहून लहान दुसरीकडे, तिकिटाएवढ्या तिसरीकडे. हात आपोआप चालत होता. सात मापं निघाली. प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा, कडा टेबलावर ठोकून ठोकून सारख्या केलेल्या. दादा वर आले, बघून म्हणाले, "ह्या तर पेट्याच भरल्यास गो. आता पेंढा घाल." मला ते कौतुक वाटलं.

मॅडम आल्या त्या दिवशी मी दारातच उभी होते. त्यांनी पर्स ठेवली, गठ्ठ्यांकडे पाहिलं, एक उचलला, वरच्या चार चिठ्ठ्या वाचल्या. मग दुसरा उचलला. मग त्या खुर्चीवर बसल्या.

"जुड्या कुठायत?"

"सोडल्या, मॅडम. टाचण्या काढायच्या होत्या ना."

"आणि चिठ्ठ्या? कुठली कशात होती?"

त्यांनी काय विचारलं ते मला कळलं होतं, आणि आपण काय केलं तेही त्याच क्षणी कळलं होतं. आतापर्यंत मी फाईली साफ केल्या होत्या. सारखी पानं, एकामागे एक. मी त्यांचा क्रम कधी मोडला नव्हता, कारण मोडायचं काही कारणच पडलं नव्हतं. क्रम जपायचा असतो हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. उठता-बसता 'बरोबर आहे ना' विचारणारी मी, तेवढं एक विचारलं नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, कुठल्या चिठ्ठीच्या मागे कुठली ठेवली, तेच तर त्यांचं पुस्तक होतं. अक्षर राहिलंय. वाक्य गेलं."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी बाई येणार आहेत. तो विद्यार्थी यायच्या आधी त्यांना एकदा बघायचंय."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. तो शिफ्टवरून आला होता, तोंडात घास होता.

"कामून रडायलीस? काय झालं ते सांग की."

मी सांगितलं.

"उद्यापासून येऊ नको म्हणल्या का त्या?"

"नाही म्हणल्या."

"मग जा की. येऊ नको म्हणल्यावर रड."

"तुला कळत नाही. एका माणसाचं सगळं आयुष्य मी विस्कटून ठेवलंय."

तो म्हणाला, "ते काही मला कळत नाही. पण पेटी फिरून आली तर आपण उचकून परत भरायचो. रडून कोणी भरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी गेले. काय करणार ते माहीत नव्हतं. दिव्याखाली एक गठ्ठा घेतला आणि वाचायला लागले, की अर्थावरून काही जुळतंय का. पण एकेका चिठ्ठीवर दोन-तीन ओळी. 'वरचा कोंड: पाणी पहिलं इथे.' याच्या पुढे काय येणार? काहीही येऊ शकतं. मी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली तेव्हा तिच्या कोपऱ्यावरचा डाग दिसला. गंजाचा, तपकिरी, थोडा तिरका. डाग सगळ्याच चिठ्ठ्यांवर होते. मी ते पुसायची वस्तू म्हणून पाहिले होते. आंब्यावरच्या चिकाच्या डागाकडे बघून आम्ही सांगायचो, हे फळ देठासकट उतरलंय की देठ तुटून. डाग बघायची सवय होतीच. आता मी तसं बघितलं.

टाचणी प्रत्येक वेळी वेगळी जाते. कधी जास्त तिरकी, कधी दोन भोकांत अंतर जास्त, कधी घाईत एकदा टोचून काढून पुन्हा टोचलेली, तिथे चार भोकं. ज्या चिठ्ठ्या एका टाचणीत होत्या त्यांची भोकं एकावर एक ठेवली की जुळतात. मग चिठ्ठी तिकिटाएवढी असो की पोस्टकार्डाएवढी. शिवाय सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर टाचणीच्या डोक्याचा गोल ठसा असतो, सगळ्यात खालचीच्या पाठीवर पूर्ण काडी उमटलेली असते, आणि मधल्यांवर फक्त भोकांभोवती गंजाची कडी, जी आत आत जावं तशी फिकट होत जाते. म्हणजे कोण कोणाबरोबर एवढंच नाही, कोण आधी, कोण नंतर, तेही डाग सांगत होता.

मॅडम दहाला आल्या तोवर मी पाच चिठ्ठ्यांचं एक टाचण जुळवलं होतं. त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, वरून खाली. पहिलीवर गावाचं नाव, दुसरीवर शेताचं, तिसरीवर एका म्हातारीने सांगितलेलं, चौथीवर सरांची शंका, पाचवीवर शंकेला उत्तर.

"कसं केलंस?"

मी डाग दाखवले. त्यांनी भिंग आणलं. मग दोघींनी ते भिंग आळीपाळीने इतक्या वेळा मागितलं की शेवटी मॅडमनी मुलीच्या शाळेच्या दप्तरातून दुसरं आणलं. मी डाग बघायचे, त्या अर्थ बघायच्या. जिथे डाग जुळायचा तिथे अर्थ आपोआप जुळायचा. दादा दारातून बघून म्हणाले, "घाटावरची टाचण्यांची कुंडली मांडतेय. बघ गो, माझा साहेब कवा बदली होऊन जाईल."

बुधवारपर्यंत बहुतेक चिठ्ठ्या आपापल्या टाचणात गेल्या, आणि गावांच्या नावांवरून टाचणं जुड्यांत. राहिला तो सगळ्यात लहान मापाचा गठ्ठा. तळहाताच्या निम्म्याएवढे तुकडे. त्यांच्यावर एकही भोक नव्हतं, एकही डाग नव्हता. टाचणी लागलीच नव्हती त्यांना. तिथे माझी विद्या संपली.

शुक्रवारी बाई आल्या. बारीक चणीच्या, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. मॅडमनी मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "मी सांगेन त्यांना. जबाबदारी माझी आहे." पण बाई बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित ना?" तेव्हा मॅडम उत्तर शोधायला लागल्या आणि माझ्याच तोंडून निघालं.

"नाही बाई. मी चिठ्ठ्या मिसळल्या. मापाने लावल्या."

शाळेत गृहपाठ नाही केला असं सांगताना जसं उभं राहायचं, तशी मी उभी होते.

बाईंनी पेला खाली ठेवला. "सगळ्या?"

"सगळ्या. बऱ्याच परत लावल्यात. पण ह्या नाही लागल्या." मी लहान गठ्ठा पुढे केला.

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "मी त्या ट्रंकेवरची धूळसुद्धा झटकली नव्हती गो. धुळीत त्यांची बोटं असतील असं वाटायचं." हे त्या रागाने नाही म्हणाल्या, आणि मला समजवायलाही नाही. मी खाली बघत राहिले. माफी मागायचं मनात होतं, पण माफीचा शब्द त्या खोलीत फार लहान वाटला.

त्यांनी गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी घेतली. वाचली नाही. उलटी केली. मागे छापलेलं होतं, सोनेरी अक्षरांत, अर्धंच: '...चि माध्यान्ही भोजनास...'

"ही आमच्या भाच्याची पत्रिका," बाई म्हणाल्या. दुसरी उलटी केली. "ही खालच्या वाडीतली. यांच्या जेवणात मीठ नव्हतं." तिसरी. "ही पण भाच्याचीच." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे सगळे लहान तुकडे तू एकत्र ठेवलेस?"

"हो. माप एक होतं म्हणून."

"हे मी कापलेत," त्या म्हणाल्या. "शेवटच्या वर्षात त्यांचा हात लांब ओळ सहन करत नव्हता. पत्रिका मोठी पडायची, ओळ खाली घसरायची, आणि मग चिडायचे. मी कात्रीने एका पत्रिकेचे चार तुकडे करून द्यायचे. एका तुकड्यावर एक गोष्ट. बोटांना टाचणी दाबायचं बळ नव्हतं, म्हणून मीच दोऱ्याने बांधायचे. मग ते असतानाच तो दोरा सोडून मी त्या सगळ्या त्यांच्या जागी घालून ठेवल्या. त्यांनी सांगितलं होतं तशा, मधेमधे. तेव्हापासून ह्या अशा एकत्र मी बघितल्या नाहीत."

मॅडमनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आम्ही इतके दिवस त्या चिठ्ठ्यांची फक्त एकच बाजू वाचत होतो. मग टेबलावर आम्ही सगळे तुकडे छापील बाजू वर करून मांडले आणि पत्रिका जुळवायला लागलो. नवरीचं अर्धं नाव एका तुकड्यावर, अर्धं दुसऱ्यावर. अशोकचक्र एका कोपऱ्यात कापलं गेलेलं, गणपतीची सोंड एका ठिकाणी आणि पोट दुसऱ्या ठिकाणी. चार तुकडे जुळले की एक पत्रिका आणि एक पत्रिका म्हणजे सरांचे चार दिवस, कधी पाच. कुठलं लग्न आधी, कुठलं नंतर, ते बाईंना तोंडपाठ होतं.

"ह्या लग्नाला तुम्ही दोघं गेला होता?" मॅडमनी विचारलं.

"मी गेले होते. ते म्हणाले, पत्रिका घेऊन ये, मला तेवढी पुरे."

त्यानंतर बाई रोज यायला लागल्या. पिशवीत डबा असायचा. मला म्हणायच्या, "बाय, तुझ्या भाकरीला आमचं कालवण लाव." दादांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तेही जेवायच्या वेळेला बरोबर वर काहीतरी विचारायला यायला लागले.

शेवटी थोड्या चिठ्ठ्या उरल्या. ना डाग, ना जोडीचा तुकडा. मला वाटत होतं, त्या कुठेतरी बसवून टाकाव्यात, म्हणजे काम पूर्ण होईल आणि माझी चूक पुसली जाईल. एक तर मी जवळजवळ बसवलीच होती. अर्थ लागत होता. मॅडमनी माझ्या हातातून ती काढून घेतली.

"लागते म्हणून लावायची नाही. वेगळ्या पाकिटात ठेव. वर लिही, जागा सापडली नाही."

मग त्या म्हणाल्या, "आणि एक टीप लिहावी लागेल. पुढे हे बघायला येणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे, की हा क्रम मोडला होता आणि कशावरून परत लावला. ती तू लिही."

"मी?"

"डाग तू वाचलेस. मी लिहिलं तर ते माझं होईल."

मी तीन दिवस ती टीप लिहीत होते. चार ओळी. आधी चूक फार मोठी करून लिहिली, मग फार लहान करून. शेवटी लिहिलं, की साफसफाई करताना या चिठ्ठ्या मापाप्रमाणे वेगळ्या केल्या गेल्या. टाचणीची भोकं, गंजाचे डाग आणि गावांची नावं पाहून, आणि पत्रिकांचे तुकडे जुळवून, त्या परत लावल्या. तुकड्यांचा क्रम सरांच्या पत्नींच्या आठवणीवरून आहे. तो चुकलेला असू शकतो. बाईंनी ती वाचली. शिक्षिकेच्या सवयीने पेन हातात घेतलं. मला वाटलं आता लाल होणार. त्यांनी 'केल्या गेल्या' याच्यावर बोट ठेवलं.

"कोणी?"

मी खोडून लिहिलं, 'मी मापाप्रमाणे वेगळ्या केल्या', आणि खाली माझ्या नावाची दोन अक्षरं घातली. आपण नसू तेव्हाही हे इथे राहणार, असं वाटलं. पण बाईंनी पेन बंद करून ठेवलं आणि म्हणाल्या, "आता वाच. शेवटची जुडी. मला भिंगाने वाचवत नाही."

एका शिक्षिकेसमोर मोठ्याने वाचायचं होतं. मी बोट ठेवून वाचायला लागले. मॅडमनी यंत्र बंद केलं, म्हणजे माझा आवाज ऐकू यावा. चिठ्ठ्या 'उपाशी' नावाच्या शेताबद्दल होत्या. भाच्याच्या पत्रिकेचे चारही तुकडे त्यावरच होते. ते चार एकत्रच होते हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्या चारांत पहिला कुठला, हे पत्रिका सांगत नव्हती. मॅडमनी तात्पुरते अर्थावरून लावले होते आणि मी पेन्सिलीने मागे आकडे घातले होते.

मी वाचलं, "'उपाशी. पाणी इथे सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून शेतच उपाशी.'"

बाई ऐकत होत्या.

मी पुढची वाचली, "'उपाशी. बाई म्हणतात, शेत नाही, भात लावणारी उपाशी होती.'"

"थांब," बाई म्हणाल्या. "ही आधी."

"हिच्या आधी पाण्याची आहे, बाई. मॅडमनी..."

"मॅडमना कसं कळणार? आधी मी म्हणाले. भात निवडत होते. ते गप्प बसले आणि लिहून घेतलं. मग दोन दिवस गावाला फोन करत होते, ह्याला विचार, त्याला विचार. कोणीतरी पाण्याचं सांगितलं. मग मला वाचून दाखवलं, असे खूश, जसं काही परीक्षेत मला नापासच केलं." त्या हसल्या. "पुढच्या चिठ्ठीवर काय आहे?"

मी ती उचलली. अक्षर थरथरत होतं, 'न' ओळखू येत नव्हता.

"'दोन्ही.'"

"तेवढंच?"

"तेवढंच."

"ते मी रुसले म्हणून," बाई म्हणाल्या, आणि खिडकी बंद होती तरी तिकडे तोंड करून बसल्या.

मी खोडरबर घेतलं, मागचे दोन आकडे पुसले, आणि अदलाबदल करून पुन्हा लिहिले. मग चौथी चिठ्ठी हातात घेतली आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.